गिलसाहेबाचा खर्च कोणी सोसला?

हा लेख एका छापील अर्जामुळे सुचला.

आमच्या वर्गातला एक मित्र चित्रे काढतो. धुळ्याला चित्रकलेची पदविका घेऊन तो आमच्या महाविद्यालयात बी. ए.ला आला. वडील जिनिंगमध्ये कामाला, घरी थोडी कोरडवाहू जमीन. गेल्या पावसाळ्यात श्रीलंकेला जायचे त्याच्या डोक्यात भरले. तिथे सिगिरियाच्या उभ्या कड्यावर पाचव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत. आपल्या अजिंठ्यातली उत्तरकालीन लेणी रंगवली गेली, तोच हा काळ. अजिंठा त्याने वारंवार पाहिलेला. आता सिगिरियाच्या चित्रांपुढे सहा महिने बसावे, नकला कराव्यात आणि दोन्हीकडची रेषा ताडून पाहावी, एवढीच त्याची इच्छा. कलावंतांना परदेशी अभ्यासासाठी पैसे देणाऱ्या एका संस्थेचा अर्ज त्याने मागवला. माझे अक्षर बरे आणि गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहून देतो, म्हणून तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला.

नाव, गाव, शिक्षण हे रकाने भराभर भरले. पुढे तीन प्रश्न होते. किती चित्रे करणार? किती दिवसांत करणार? एकूण खर्च किती? तिथे आमचे गाडे अडले. एका चित्राला किती दिवस लागतील हे त्या चित्रापुढे बसल्याशिवाय कळायचे नाही, असे तो म्हणाला. मला ते पटले, पण रकान्यात ते कसे लिहायचे?

ही अडचण मी आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितली. ते हसले. असाच एक अर्ज सुमारे १८० वर्षांपूर्वी आपल्याच शेजारी भरला गेला होता, त्याचे पुढे काय झाले ते वाच, असे त्यांनी सुचवले. माणसाचे नाव मला माहीत होते. खानदेशात ते कोणाला माहीत नाही? मेजर रॉबर्ट गिल. पण मला ठाऊक होता तो पारोवर जीव लावणारा गिल. कविवर्य ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घ काव्याने आणि पुढे त्यावर निघालेल्या चित्रपटाने घरोघर पोहोचवलेला. त्याला पैसे कोण देत होते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

रॉबर्ट गिलचा जन्म १८०४ सालचा, इंग्लंडमधला. विशीच्या सुमारास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला आणि ४४ व्या मद्रास पायदळ पलटणीत अधिकारी झाला. हात चित्रकाराचा आणि छंद शिकारीचा. दीडशे वाघ मारल्याची ख्याती त्याच्यामागे पुढे जन्मभर राहिली. लग्न झालेले, मुलेबाळे असलेली. चारचौघांसारखी नोकरी करून पेन्शन घ्यावी आणि मायदेशी परतावे, असेच आयुष्य त्याच्यापुढे होते.

इकडे अजिंठ्याची लेणी १८१९ साली जगापुढे आली होती. वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या मद्रास सैन्यातल्याच अधिकाऱ्याला ती दिसली. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. आजूबाजूच्या गावकऱ्यांना आणि गुराख्यांना ती जागा अर्थातच त्याआधीपासून माहीत होती. पण साहेबाने पाहिली म्हणजे ती सापडली, असा तो काळ. त्यानंतर हौशी मंडळी येऊ लागली. कोणी भिंतीवर नावे कोरली, तर कोणी चित्रांचे तुकडे खरवडून नेण्याचा उद्योग केला. वटवाघळे आणि पावसाळी ओल यांचे काम तर शतकानुशतके चालूच होते.

१८३९ च्या सुमारास जेम्स फर्ग्युसन नावाचा स्कॉटिश माणूस ही लेणी पाहून गेला. तो निळीच्या व्यापारात पैसा कमावून वास्तुशिल्पाच्या अभ्यासाकडे वळला होता. १८४३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, निदान त्यांच्या नकला तरी करून घ्या, असा त्याचा आग्रह होता. सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे विनंती केली आणि १८४४ मध्ये संचालकांनी ती मान्य केली. मद्रास सरकारने माणूस निवडला, तो गिल.

कलेच्या कामाला पैसा कसा उभा राहतो, याचा धडाच इथे मिळतो. एक जाणता माणूस ओरड करतो. एक विद्वत्सभा त्याच्या ओरडण्याला वजन देते. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, तो शेवटी मान डोलावतो. आणि मान डोलावताना तो हिशेब करतोच. गिल हा मुळात कंपनीचाच पगारी माणूस. विलायतेहून खास चित्रकार आणायचा म्हणजे त्याचे जहाजभाडे, मेहनताना, राहण्याची सोय, सगळेच आले. सैन्यातला चित्रकार उचलून अजिंठ्याला बसवणे त्या मानाने स्वस्त. हा माझा तर्क आहे; पण गरिबाघरच्या माणसाला असे हिशेब चटकन कळतात.

गिल अजिंठ्याला आला तेव्हा चाळिशीला पोहोचला होता. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घाटावरच्या अजिंठा गावात बारादरीत त्याने मुक्काम केला. तिथून घाट उतरून लेण्यांपर्यंत यायचे. आज आपण जळगावहून एस.टी.ने दीड-दोन तासांत जातो, फर्दापूरला चहा घेतो आणि संध्याकाळी घरी येतो. त्या वेळी हिंदुस्थानात आगगाडीही नव्हती. मुंबई-ठाणे गाडी धावली ती १८५३ मध्ये. कॅनव्हास, रंग, तेले सगळे बैलगाडीने यायचे, आणि तयार चित्रांच्या गुंडाळ्या बैलगाडीनेच बंदराकडे जायच्या. भोवती दाट जंगल, वाघ, आग्या मोहोळे आणि हिवताप.

कामाचे स्वरूपही नीट समजून घेतले पाहिजे. लहान वहीत रेखाटने करून भागणार नव्हते. भिंतीवरचे चित्र जेवढे, जवळपास तेवढीच तैलरंगातली नकल करायची होती. गुहेत उजेड थोडा. चित्रांवर धूर, कोळिष्टके आणि मळ यांचे थर. रेषा कुठे संपते आणि भेग कुठे सुरू होते, ते आधी तासन् तास न्याहाळावे लागे. मग मोजमाप, मग कच्चे रेखाटन, मग रंग. पावसाळ्यात वाघूर भरून वाहू लागली की सगळेच अवघड. काम अपेक्षेपेक्षा कितीतरी लांबले. मुदतीच्या रकान्यात तेव्हा जे काही लिहिले गेले असेल, ते सगळे खोटे ठरले. गिल जवळजवळ वीस वर्षे, १८६३ पर्यंत, नकला करत राहिला. एवढ्या काळात त्याच्या हातून सत्तावीसच्या आसपास मोठी चित्रे पूर्ण झाली. म्हणजे वर्षाला सरासरी दीडसुद्धा नाही! माझ्या मित्राने अर्जात असा आकडा लिहिला असता, तर अर्ज त्याच दिवशी केराच्या टोपलीत गेला असता.

या वीस वर्षांत त्याच्या आयुष्यात काय काय होऊन गेले! अजिंठा गावात पारोची कबर आहे. १८५६ च्या मे महिन्यात ती पटकीने गेली आणि गिलने तिच्यासाठी दगड बसवून त्यावर आपल्या प्रेमाचा उल्लेख कोरून घेतला. पारोविषयी आपल्याला खात्रीने जे माहीत आहे, ते जवळजवळ एवढेच. बाकीचे कवींनी आणि लोकांनी भरले, आणि ते त्यांनी प्रेमाने भरले. पण मला त्या दगडापुढे उभे राहिल्यावर वेगळेच वाटले. साहेब एका स्थानिक बाईशी असलेले नाते दगडावर कोरून ठेवतो, हे त्या काळात साधे नव्हते. परतीचा रस्ता तो हळूहळू आपल्या हातानेच बंद करत होता.

पुढच्याच वर्षी १८५७ चा उठाव झाला. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला आणि सत्ता राणीच्या सरकारकडे गेली. ज्या मालकाने काम सांगितले, तो मालकच राहिला नाही. काम मात्र राहिले. गिल तिथेच होता. या सुमारास तो कॅमेऱ्याकडेही वळला. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचेच्या जड पट्ट्या आणि रसायने. ते सगळे घेऊन तो अजिंठा, वेरूळ आणि पुढे वऱ्हाडाच्या बाजूला लोणारपर्यंत हिंडला. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला निघाली. एकात ७४ आणि दुसऱ्यात १०० छायाचित्रे. मजकूर फर्ग्युसनचा. वीस वर्षांपूर्वी ज्याने ओरड केली होती, तोच माणूस अजून पाठीशी होता. आश्रयदाता बदलला, पण जाणता माणूस बदलला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि मग १८६६ चा डिसेंबर आला. गिलची चित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. हा काचेचा आणि लोखंडाचा प्रचंड प्रासाद १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनमध्ये बांधला गेला आणि नंतर उचलून सिडनहॅमला नेला. त्याला आग लागली. वीस वर्षांचे काम राख झाले. जी चार-पाच चित्रे तिथे मांडलेली नव्हती, तेवढी वाचली.

ही बातमी अजिंठ्याला केव्हा आणि कशी पोहोचली असेल? मी त्याचा बराच विचार केला. माझी एक वही पावसात भिजली तर मी दोन दिवस जेवलो नव्हतो. या माणसाचे वय तेव्हा ६२ होते. मायदेशात त्याला आता कोण ओळखत होते? त्याने काय केले असेल तर पुन्हा लेण्यांकडे वाट धरली आणि पुन्हा नकला सुरू केल्या. सत्तरी ओलांडली तरी तो तिथेच होता. शेवटी आजार बळावला, आणि १८७९ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे. तोवर भुसावळला आगगाडीचे मोठे जंक्शन झाले होते. ज्या माणसाची चित्रे बैलगाडीने गेली, तो स्वतः रेल्वेच्या गावी विसावला.

सरांशी या विषयावर बोलताना वर्गातल्या एका मैत्रिणीने रास्त शंका काढली. कंपनीच्या नोकराचे एवढे कौतुक कशाला? चित्रे आपली, नकला लंडनला गेल्या, जळाल्याही तिकडेच. आपल्या हाती काय आले? ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. गिलच्या मागून १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स सरकारी पैशावर तेच काम करायला आले. त्यांच्याबरोबर पेस्तनजी बोमनजींसारखे आपले विद्यार्थी होते. तेरा वर्षांत सुमारे तीनशे कॅनव्हास तयार झाले. तेही लंडनला गेले आणि १८८५ च्या आगीत त्यांतले शंभरावर जळाले. शिवाय चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून या मंडळींनी मूळ भिंतींवर वॉर्निश फासले, त्याने नुकसानच झाले. म्हणजे दोनदा पैसा उभा राहिला, दोनदा माणसे राबली आणि दोनदा आग लागली. काम करवून घेण्याला पैसा मिळाला, पण केलेले काम जिथे ठेवायचे, तिथे ते सुरक्षित राहील याची काळजी कोणी घेतली नाही. मूळ चित्रे मात्र इथेच राहिली आणि अजून आहेत.

तरीही मैत्रिणीला उत्तर आहे. गेल्या दीडशे वर्षांत मूळ भिंतींवरचे बरेच काही झडून गेले. वाचलेल्या नकलांमध्ये आणि गिलच्या छायाचित्रांमध्ये अशा काही खुणा टिकून आहेत, ज्या आज भिंतीवर दिसत नाहीत. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या मिळून १६६ नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आणि नकलांची ही वाट एकदा पडली म्हणूनच पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याला आल्या, त्यांच्याबरोबर नंदलाल बोसांसारखे तरुण आले, आणि अजिंठ्याची रेषा आधुनिक भारतीय चित्रकलेत उतरली. याच हेरिंगहॅमबाईंनी १९०३ मध्ये आपल्या देशात कलाकृती जपण्यासाठी निधी उभारताना पहिली रक्कम स्वतःच्या पदरची घातली होती. पैसा आणि जतन यांचे नाते त्यांना नेमके कळले होते.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. खुद्द अजिंठ्याची कथाही पैशाचीच आहे. सोळाव्या लेण्याचा खर्च वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने केला, तसा लेख तिथे कोरला आहे. सतराव्या लेण्याचा दाता एक मांडलिक राजा. त्याचे राज्य म्हणजे ऋषिक देश, आणि ऋषिक म्हणजे आपला खानदेश, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. हरिषेण गेला, राज्य मोडले आणि कित्येक लेणी अर्धवटच राहिली, असे वॉल्टर स्पिंक या संशोधकाने आयुष्यभराच्या अभ्यासातून मांडले. पैसा थांबला त्या दिवशी छिन्नी थांबली. दात्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. ज्यांनी पद्मपाणीचा तो झुकलेला चेहरा रंगवला, त्यांचे नाव मात्र कुठेच नाही.

मग गिलसाहेबाचा खर्च कोणी सोसला? कागदोपत्री कंपनीने. आणि त्यात खोटे काही नाही. ते पैसे नसते तर तो अजिंठ्याला आलाच नसता. पण कंपनीने खर्च सोसला तो कॅनव्हासचा, रंगाचा आणि पगाराचा. पारोच्या मरणाचा, मायदेशापासून तुटण्याचा, वीस वर्षे जळून गेल्यावर पुन्हा घाट उतरण्याचा खर्च कुठल्या खात्यात मांडायचा? तो त्याने स्वतः सोसला. कोणत्याही मोठ्या कामात असा एक भाग राहतोच, की ज्याचे पैसे कोणी देत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात गेलो की मला हेच जाणवते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा केली, तेव्हा त्यांना कोणता भत्ता मिळत होता? पण याचा अर्थ कलावंताला उपाशी ठेवावे, त्यातूनच कला पिकते, असा मात्र कोणी काढू नये. उरलेला खर्च तो सोसणारच आहे. निदान जो खर्च पैशाने भागतो, तो तरी समाजाने भागवावा.

डिसेंबरात मी आणि माझा मित्र एका रविवारी पॅसेंजरने भुसावळला गेलो. कबरीपाशी आम्ही तासभर बसलो. मित्राने वही काढली आणि रेखाटन केले. मी काहीच केले नाही. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणाऱ्या वाघूरचे पाणी धरणातून आमच्या जळगावच्या नळाला येते, एवढे एक मनात घोळत राहिले. गिल त्याच पाण्यावर पस्तीस वर्षे जगला.

परत येताना गाडीतच आम्ही अर्ज पुरा केला. किती चित्रे, या रकान्यात मित्राने मोठा आकडा न लिहिता सहा लिहिला. मुदत सहा महिन्यांऐवजी एक वर्ष केली आणि का केली ते चार ओळींत समजावले. खर्चाच्या यादीत शेवटी एक कलम वाढवले. परत आल्यावर चित्रे नीट ठेवण्यासाठी लोखंडी कपाट आणि प्रत्येक चित्राची छायाचित्रे, दोन संच, दोन वेगवेगळ्या गावी. यादीतले हे कलम पाहून अर्ज तपासणाऱ्याला हसू येईल, असे मी म्हटले. तो म्हणाला, येऊ दे.

फेब्रुवारीत उत्तर आले. या वर्षी विचार होऊ शकत नाही, पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा. मित्राने ते पत्र घडी करून वहीत ठेवले. आमच्या वर्गाने वर्गणी काढायचे ठरवले आहे. तिच्यातून श्रीलंकेचे भाडे निघणार नाही, हे आम्हालाही कळते. रंग आणि कॅनव्हास तेवढे येतील. सरांनी पहिली वर्गणी दिली आहे. पुढच्या वर्षीचा अर्जही मीच लिहिणार आहे, आणि सहाचा आकडा सहाच ठेवणार आहे.